धुळाप्पाची तेलबंदी

धुळाप्पा मूळचा केम गावचा. सोलापुरात आला तो गिरणीत लागायला, पण तिथल्या मागांच्या आवाजाने त्याचं डोकं उठे, म्हणून चार महिन्यांत बाहेर पडला आणि रॉकेलची हातगाडी ढकलू लागला. पुढे वीस वर्षं नवी पेठेमागच्या गल्लीतले दिवे त्याच्याच तेलावर जळले. अंगाला, धोतराला रॉकेलचा वास. पण एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. स्टोव्हवरची भाकरी तो तोंडात घालत नसे. "दिसभर त्येच हुंगतो, आन् जेवतानाबी त्येच व्हय?" असं म्हणे. त्याच्या घरची चूल पेटे ती गोवऱ्यांवर.

गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड होतं. ऊन चढलं की त्याला गाडी त्या सावलीत लावायची असे, कारण डबे तापले की तेल उडून जातं. पण तिथं मायाक्काच्या दोन म्हशी बांधलेल्या असत. मायाक्का दूध विकणारी विधवा बाई, कुणाला न भिणारी. सावलीवरून दोघांचं रोज वाजे.

सन छत्तीसचा माघ होता. नागप्पा न्हावी दाढी करता करता वर्तमानपत्रातलं सांगे. इटलीला म्हणे मोठं राज्य व्हायचंय, आफ्रिकेतल्या अबिसीनियावर चढाई केलीय, पण घरात तेलाचा थेंब नाही. आता बाकीची राष्ट्रं तिचं तेल तोडायचं का, याचा खल करताहेत.

"तोडलं तर काय हुतं?" धुळाप्पाने साबणाच्या तोंडाने विचारलं.

"इमानं खाली, मोटारी जागच्या जागी. मंग शरण यायचं की."

धुळाप्पा अर्ध्या दाढीनेच उठला. थेट लिंबाखाली जाऊन म्हणाला, "मायाक्का, आजपास्नं तुमाला तेल बंद. म्हशी हलवा, मंग बगू."

"बरं," मायाक्का म्हणाली आणि धार काढत राहिली.

दिवेलागणीला तिच्या घरात करडईच्या तेलाची पणती छान तेवत होती. धुळाप्पाला ते पाहून आपला डाव जरा चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसला, तर चूल गार.

"गोवऱ्या सरल्या," बायको गोजाबाई म्हणाली.

"मंग आन की."

"कुटनं? वीस वरसं मायाक्काच्या म्हशीचं शेन उचलून थापतीया मी. ती म्हनली, त्येंचं तेल बंद, तर माजं शेन बंद."

धुळाप्पाला हे आजच कळत होतं. "दुसऱ्या कुनाच्या म्हशी न्हाईत का गावात?"

"हाईत की. समद्या तिच्या मावसबहिनींच्या." मग गोजाबाईने पदर तोंडाला लावून विचारलं, "स्टोवर करू का?"

दोन दिवस धुळाप्पाने चुरमुऱ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी स्टोव्हवरच्या भाकरीचा एक तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. मग भरलेली बाटली उचलून लिंबाखाली गेला.

"ठिवा तितं," मायाक्का म्हणाली. "मला नड न्हाय, पर आनलीय तर ऱ्हाऊ द्या."

"आन् सावली?"

तिने एक म्हैस चार हात सरकवली. "बसतीया का गाडी मधी, बगा."

गाडी बसली. दोन्ही बाजूंनी शेपट्या येत. एक डब्यावर वाजे, एक धुळाप्पाच्या टोपीवर. पण सावली होती, आणि दुपारी चुलीवरची भाकरी होती. त्याने टोपी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी उरलेली दाढी करायला तो नागप्पाकडे गेला. नागप्पाने आधी त्याचे दोन्ही गाल नीट पाहिले, मग वर्तमानपत्र उघडलं. राष्ट्रांचा खल अजून चालूच होता.

"इतके दिस कशाला लावत्यात?" नागप्पा म्हणाला.

"लावू दे," धुळाप्पा मान वर करत म्हणाला. "गोवऱ्या कुनाच्या घरनं येत्यात, त्ये इचारत असतील."