दुसऱ्याच्या कुत्र्यापुढचा ससा

मुलगी युनिव्हर्सिटीला गेली आणि तिनं हट्टानं घरी आणलेला कुत्रा आमच्या गळ्यात राहिला. जातीनं लर्चर, म्हणजे ग्रेहाउंड आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. राखाडी रंगाचा, लांबच लांब टांगांचा, बरगड्या मोजता येतील इतका बारीक. रेस्क्यू सेंटरमधून आणला तेव्हा त्याला कुठल्याच भाषेतलं काही कळत नव्हतं. दरवर्षी सहा महिने पुण्याहून येऊन राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी त्याला मराठी शिकवली. बस, थांब, ये, सोड. या चार शब्दांवर त्याचं उत्तम चाललं होतं. दिवसभर सोफ्यावर पाय वर करून झोपायचा, आणि उठलाच तर सासूबाईंच्या सपाता तोंडात धरून घरभर मिरवायचा. "सोड" म्हटलं की एक दातही न उमटवता परत द्यायचा.

आम्ही लीड्सच्या बाहेर, शहर संपून शेतं सुरू होतात तिथं राहतो. मी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. शेजारी एक एकटे आजोबा आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत काढलेले. त्यांच्याकडे दोन शिकारी कुत्रे, एक म्हातारा व्हिपेट आणि एक तापट टेरियर. आमचा कुत्रा खिडकीतून दिसला की आजोबा कुंपणापाशी थांबून मान हलवायचे. "डॉक्टर, इतकं चांगलं जनावर तुम्ही उशीसारखं ठेवलंय!"

एकदा ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला निमंत्रणच दिलं. टेकडीवरच्या शेतात गव्हाचे कोंब वर आले होते आणि ससे ते कडेनं खात सुटले होते. शेतकऱ्यानं आजोबांना कुत्रे घेऊन यायची परवानगी दिली होती. "येत्या रविवारी या, लव्ह," ते म्हणाले. "नुसतं बघा. तुमचा पट्ट्यालाच राहू दे."

हे 'लव्ह' ऐकून खिडकीत उभ्या असलेल्या सासूबाई दचकल्या. इथं दुकानदारापासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळेच असं म्हणतात, हे मी त्यांना पूर्वीही सांगितलं होतं. "म्हणोत," त्या म्हणाल्या, "पण मीही येणार. शेत बघायला."

जाण्याआधी आजोबांनी मला कुंपणापाशी उभं करून नियम सांगितले. सर्जन लोक ऑपरेशनआधी सांगतात तितक्या गंभीरपणे. एक, दुसऱ्याचा कुत्रा सशामागे लागला की आपला सोडायचा नाही. ती धाव त्याची. दोन, त्या वेळी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, दुसऱ्याच्या कुत्र्याचं लक्ष उडतं. तीन, ज्याच्या कुत्र्यानं ससा लपल्या जागेतून उठवला, ससा त्याचा. शेवटी पकडला कोणी याला किंमत नाही.

"आणि कानाची टोकं काळी दिसली तर तो रॅबिट नाही, हेअर आहे. त्याच्यामागे कुत्रा गेला तर पोलीस."

"आमच्या भाषेत दोन्ही ससेच," मी म्हटलं.

"मग तुम्ही पट्टा आणखी घट्ट धरा," ते म्हणाले.

मग जरा आवाज खाली करून त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगितली. एके काळचे जिवलग मित्र. एका पावसाळी सकाळी आजोबांचा कुत्रा सशामागे असताना या मित्रानं आपला कुत्रा मध्ये सोडला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांमध्ये एक शब्द नाही.

"एका सशावरून?"

"सशावरून नाही हो," ते दुखावल्यासारखे म्हणाले. "रीतीवरून."

रविवारी सकाळी आम्ही टेकडी चढलो. सासूबाईंनी नऊवारी नव्हे पण साडीच नेसली होती, खाली माझे रबरी वेलिंग्टन बूट, वर त्यांच्या मुलाचं फुगीर जॅकेट. मुलगा स्वतः ऑफिसच्या कामासाठी तिकडे दक्षिणेत रीडिंग शहरात गेला होता, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्न नव्हता. फाटकापाशी पोचलो तर तिथं आधीच एक म्हातारे गृहस्थ उभे होते. भरघोस पांढऱ्या मिशा, आणि पायाशी एक चकचकीत काळी कुत्री, पुतळ्यासारखी बसलेली. आजोबा जागच्या जागी थांबले. मला विचारायची गरजच पडली नाही. शेतकऱ्यानं दोघांना एकाच दिवसाची परवानगी देऊन ठेवली होती.

मिशीवाले आजोबांकडे न बघता मला म्हणाले, "डॉक्टर ना तुम्ही? तुमच्या मित्राला सांगा, आज मला बोलावलंय."

आजोबा ढगांकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, त्यांना सांगा, मलाही बोलावलंय."

दोघांमध्ये सहा फुटांचं अंतर होतं. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचे निरोप पोचवू लागले, खरं तर त्यांनी ऐकलेलंच त्यांना पुन्हा ऐकवू लागले.

"दोघंही बहिरे आहेत का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. एकमेकांशी बोलत नाहीत. एकोणीस वर्षं."

सासूबाईंना फारसं नवल वाटलं नाही. "आमच्या सोसायटीत पार्किंगवरून बावीस झाली," त्या म्हणाल्या.

शेवटी माझ्यामार्फत तह झाला. मिशीवाले आधी आले होते, तेव्हा पहिली धाव त्यांच्या कुत्रीची. आम्ही फाटकाच्या आत, झुडपांच्या कुंपणालगत उभं राहायचं. आजोबांनी आपले दोन्ही कुत्रे जवळ ओढून घेतले आणि मला डोळ्यांनीच विचारलं, पट्टा धरलाय ना? मी मान हलवली. पट्टा धरला होता. फक्त तो कुठला, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तो आमचा रोजचा, बागेत फिरवायचा पट्टा होता. हातात प्लास्टिकची जाड मूठ आणि आत गुंडाळलेली दोरी. कुत्रा ओढेल तशी ती सुटत जाते, आणि बटण दाबलं की थांबते.

काळी कुत्री ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीपाशी गेली, नाक खाली घालून थबकली, आणि जाळीतून एक ससा गोळीसारखा बाहेर पडला. कुत्री त्याच्यामागे. मी आयुष्यात इतकं वेगवान आणि इतकं निःशब्द काही पाहिलं नव्हतं. कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. मला दुसरा नियम अगदी पटला. तेवढ्यात आमचा कुत्रा निघाला.

मी बटण दाबलं. आता मला माहीत आहे की मी ते दाबलं नव्हतं, सोडलं होतं. पाच मीटर दोरी सर्रकन गेली, शेवटी एक हिसका बसला आणि मूठ माझ्या हातातून निसटली. ती जमिनीवर आपटली आणि खडखडत, उड्या मारत त्याच्या मागून जाऊ लागली. आमच्या कुत्र्यानं मागे वळून पाहिलं. एक लाल प्लास्टिकचं जनावर आपला पाठलाग करतंय असं त्याला दिसलं. तो घाबरून आणखी जोरात पळाला, तर ते जनावरही आणखी जोरात आलं. सशाकडे त्याचं लक्ष नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. तो फक्त आपला जीव वाचवत होता, आणि जीव वाचवता वाचवता त्यानं काळ्या कुत्रीला मागे टाकलं. एवढा मोठा प्राणी आणि एवढा मोठा खडखडाट आपल्या अंगावर येतोय हे पाहून ससा एकदम वळला तो नेमका त्याच्या तोंडात.

आणि मग मी दुसरा नियमही मोडला. "सोड!" मी ओरडले. "सोड! सोड!"

सासूबाईंचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. "सोड रे मेल्या! सोड!"

इंग्रजीत 'सॉड' ही एक शिवी आहे. फार जहाल नाही, पण रविवारी सकाळी दोन बायकांनी, त्यातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या बाईनं, भर शेतात उभं राहून तारस्वरात द्यावी अशीही नाही. आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मिशीवाले माझ्याकडे बघतच राहिले.

कुत्र्यानं घरातला शिरस्ता पाळला. तोंडात काही असलं की ते सासूबाईंकडे नेऊन द्यायचं. तो दुडक्या चालीनं आला आणि ससा त्यांच्या वेलिंग्टन बुटांपाशी अलगद ठेवला. ससा जिवंत होता. डोळे वटारून, पोट धपापत, सासूबाईंच्या साडीच्या काठाकडे बघत पडून होता. काळी कुत्री दहा पावलांवर येऊन थांबली होती. दुसऱ्यानं पकडलं म्हटल्यावर ती पुढे आली नाही. त्या शेतात रीत पाळणारी ती एकटीच.

सासूबाईंनी एका हातानं आमच्या कुत्र्याची मानेची पट्टी धरली, दुसऱ्या हातानं साडी आवरून घेतली आणि बाजूला सरकल्या. "जा बाबा," त्या सशाला म्हणाल्या. ससा उठला, जरा लंगडल्यासारखं करून मग नीट पळाला आणि कुंपणाखालच्या बिळात दिसेनासा झाला.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याआधीच आजोबा बोलले, आणि ते माझ्याशी नव्हतं.

"सुटलेला कुत्रा आणि सोडलेला कुत्रा यात फरक आहे," ते म्हणाले.

"परिणाम एकच," मिशीवाले म्हणाले.

"परिणाम एक, पण दोष एक नाही. हातातून निसटला तर तो हलगर्जीपणा. मुद्दाम सोडला तर अपराध."

"ठीक. मग ससा कोणाचा?"

"उठवला तुमच्या कुत्रीनं. ससा तुमचा. त्यात वादच नाही."

"मग माझा ससा कुठंय?"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. प्रश्न त्यांना बरोबर कळला. "ही गो होम," त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

दोघं म्हातारे विचारात पडले. पकडलेला ससा माणसानं सोडून दिला तर काय, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. आजोबांच्या मते सोडणारी व्यक्ती कुत्र्याच्या मालकाच्या घरची असल्यामुळे भरपाई मालकानं करावी. मिशीवाल्यांच्या मते ससा बिळात गेला म्हणजे शेताकडे परत गेला, तेव्हा माफी पुरे. एकानं वडिलांचा दाखला दिला, दुसऱ्यानं काकांचा. आवाज चढले. मधलं सहा फुटांचं अंतर कधी एका हातावर आलं ते कळलंही नाही. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मी हललेसुद्धा नाही.

दहा मिनिटांनी मिशीवाल्यांना ते लक्षात आलं असावं. ते वाक्याच्या मध्येच थांबले. आजोबांनी घसा खाकरला.

"तुझे गुडघे कसे आहेत?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"वाईट," आजोबा म्हणाले. "तुझे?"

"वाईट."

निकाल असा लागला की मी त्याच दिवशी, कुत्र्यासकट, मिशीवाल्यांच्या घरी जाऊन माफी मागायची. रीत तशीच होती म्हणे. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सासूबाईंनी दुपारी बेसनाचे लाडू वळले आणि आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात भरले. एका सशाला बारा लाडू.

घर छोटं, दगडी, आत शेगडी पेटलेली. काळी कुत्री गालिच्यावर पडली होती. तिनं आमच्या कुत्र्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी माफी मागितली. मिशीवाल्यांनी ती उभं राहून, मान झुकवून स्वीकारली, आणि मग आम्हाला बसायला सांगून चहा केला. लाडू त्यांनी आधी बिस्किटासारखा चहात बुडवला. तो विरघळून तळाशी गेला, तेव्हा चमच्यानं खाल्ला आणि दुसरा घेतला.

भिंतीवर एका पांढऱ्या कुत्र्याचा फोटो होता. त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी मला एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. तीच पावसाळी सकाळ, तीच काटेरी जाळी. फक्त त्यांच्या गोष्टीत सशामागे होता तो हा पांढरा कुत्रा, आणि मध्ये कुत्रा सोडला तो आमच्या शेजाऱ्यांनी. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. खोटं बोलणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. आजोबांचाही नव्हता.

मी सासूबाईंना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "तेव्हा दोघांना चष्मे होते का?"

मी विचारलं. मिशीवाल्यांनी चमचा खाली ठेवला. "नव्हते," ते म्हणाले. "मला दुसऱ्या वर्षी लागला. त्याला... त्यालाही त्याच सुमारास." मग ते उठून पांढऱ्या कुत्र्याचा फोटो जवळून बघू लागले. "पाऊसही फार होता," असं म्हणाले, आणि विषय बदलला.

त्यानंतरच्या रविवारी आजोबांनी मला चामड्याचा साधा, मनगटाला गुंडाळायचा पट्टा आणून दिला आणि तो धरायला शिकवलं. आता मी फाटकापाशी उभी राहते, दुसऱ्याचा कुत्रा धावत असतो, आमच्या कुत्र्याचं सगळं अंग थरथरत असतं, आणि ते थरथरणं पट्ट्यातून माझ्या हातात येतं. तोंड मिटून नुसतं उभं राहणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे, पण तिथं निदान सर्जन पळत नाही.

दोघं म्हातारे आता एकत्र येतात. कोणाची पाळी आधी, यावर दर रविवारी वाद होतो, आणि त्या सशाचा निकाल फेरविचारासाठी काढणं तर चालूच आहे.

सासूबाई डिसेंबरमध्ये पुण्याला परत गेल्या. पोचल्यावर फोन केला तेव्हा मुलाची, माझी, थंडीची चौकशी करायच्या आधी त्यांनी विचारलं, "बोलतात ना गं ते दोघं?"

"बोलतात," मी म्हटलं. "भांडतातच जास्त."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि खाली पार्किंगमध्ये कोणीतरी हॉर्न वाजवत होतं म्हणून फोन ठेवून बघायला गेल्या.