मागच्या सीटवर सासूबाईंची बैठक

आमचे हे, तेइझो, आधी देव्हारे करणारे सुतार होते. गिऱ्हाईक आटलं तेव्हा गावाजवळच्या मोटारींच्या कंपनीत लागले. तिथे नवी गाडी आधी मातीची करतात, खऱ्या गाडीएवढी, आणि साहेब सांगतील तशी खरवडतात. त्या वेळी साध्यासुध्या घरांसाठी छोटी गाडी काढायचं चाललं होतं. घरी त्यावर बोलायची बंदी होती. पण नखांत माती घेऊन येणाऱ्या माणसाचं गुपित किती टिकणार?

सासूबाईंचं नाव किवा. आयुष्य भातखाचरात गेलं, मोटारीत कधी बसल्या नव्हत्या. गाडी निघाली की आधी आईला बसवायचं, एवढंच ह्यांच्या मनात होतं.

एका रविवारी ह्यांनी खोलीत पेट्या मांडल्या, वर गादी टाकली, गाडीचं छत म्हणून डोक्यावर फळी आडवी बांधली.

"आई, बस बघू ह्यात."

सासूबाई चढल्या आणि चटईवर बसतात तशा गुडघे दुमडून टाचांवर बसल्या. डोकं फळीला लागलं.

"पाय खाली सोड गं, आई."

"पाय लोंबकळत ठेवून बसायला मी काय झाडावरचं माकड आहे?"

"गाडीत तसंच बसतात."

"मग तुझी गाडी चुकली, तेइझो."

मी चहा ओतत होते, हसू दाबलं.

सोमवारी ह्यांनी साहेबांना सांगितलं, मागची सीट जरा खाली घ्या. साहेब म्हणाले, "गाडीत टाचांवर कोण बसतं हो?" हे म्हणाले, "माझी आई." साहेबांचीही आई खेड्यातलीच असावी. सीट बोटभर खाली गेली.

मग दिवे बदलले, नाक बदललं, पुन्हा पहिल्यासारखं झालं. हे खरवडत राहिले. सासूबाई रोज विचारायच्या, "भाजली का रे तुझी माती?"

"भाजतेय, आई."

नव्या वर्षाचे मोची, तांदळाचे चिकट गोळे, खाऊन झाले आणि सासूबाईंच्या छातीत सर्दी उतरली. त्यातच गेल्या. अस्थी घरी आणल्या, उदबत्ती लावली, हे पुन्हा कामावर गेले. रडले नाहीत. मीही नाही. आतून सगळं चटईसारखं सपाट झालं होतं. जेवताना मी तीन वाट्या काढायचे, एक परत ठेवायचे.

चेरी फुलून गेल्यावर गाडी तयार झाली. कंपनीने कामगारांच्या घरच्यांना बोलावलं. आवारात प्रत्येकाला एक फेरी मिळणार होती. पहिल्या फाटकाशी ह्यांनी मागचं दार उघडलं. मी चपला काढून आत चढले आणि न ठरवता टाचांवर बसले. सासूबाई माझ्यापेक्षा ठेंगण्या होत्या.

ह्यांनी पुढे बसून आरशातून पाहिलं.

"डोकं लागतं का गं?"

"नाही."

गाडी भिंतीच्या कडेने सावकाश फिरली. बाहेर माणसं हात हलवत होती, मीही हलवला. बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. सीट मऊ होती.

फेरी दुसऱ्या फाटकाशी संपली. चपला पहिल्याच फाटकाशी राहिल्या होत्या.

"आईनेही हेच केलं असतं," हे म्हणाले.

"त्यांनी तुम्हाला आणायला पाठवलं असतं."

हे गेले. आवार ओलांडून चपला घेऊन आले, वाकले आणि पाय सरळ आत जातील अशा माझ्यापुढे मांडून ठेवल्या. आईसाठी ठेवायचे तशाच.

ओल्या जमिनीवर उभं राहून मोजे भिजले होते. घरी येऊन मी भात लावला.