मंगळाच्या हरभऱ्याची भज्जी

आमच्या माकणी गावात धुरपदाबाईंना शेतीतलं शहाणपण शिकवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, तरी पडत नाही. पडली ती त्यांची नात करिश्मा.

करिश्मा पुण्यात शिकते. मंगळावर पहिलं पीक कसं घ्यायचं, हा तिचा अभ्यास. प्रयोगशाळेत मंगळासारखी तांबडी माती बनवून तिनं नऊ कुंड्यांत हरभरा लावला. आठ रोपं मेली. नवव्याला घाटे लागले नाहीत तर सर प्रयोगच बंद करणार होते. म्हणून येळवशीच्या सणाला गावी येताना पोरीनं ती कुंडी एसटीत मांडीवर घेतली. लोहाऱ्याला कंडक्टरनं विचारलं, "तुळस हाय का?"

"न्हाय, मंगळ हाय."

"मग शांत करून घ्या," तो कळवळून म्हणाला.

घरी धुरपदाबाईंनी माती चिमटीत धरली. "अगं, ह्यो तर मुरूम हाय! ह्याच्यासाठी पुण्याला गेलीस व्हय?"

"आज्जी, हात लावायचा न्हाय हं!"

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आम्ही रानात पूजा करतो आणि मिळेल ते हिरवं घालून भज्जी शिजवतो. करिश्मा पाणी आणायला गेली, तेवढ्यात बाईंनी मंगळाचे सगळे शेंडे खुडून भगुण्यात टाकले. मी दोन वाट्या ओरपल्यावर हे उघडकीला आलं. मंगळाचं पीक खाणारा पहिला माणूस म्हणून मी पोटावरून हात फिरवला, तर करिश्मा ढसाढसा रडायला लागली.

"खुडल्याबगर हरबरा फुटतो का कधी?" बाई उलट तिच्यावरच डाफरल्या.

पोरगी खुडलेली कुंडी मांडीवर घेऊन पुण्याला परत गेली. बाई चार दिवस धड जेवल्या नाहीत. विचारलं असतं तर मलाच झापलं असतं.

फेब्रुवारीत बाईंना करिश्माचा फोन आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये.

"आज्जी, आठ फांद्या फुटल्या! अकरा घाटे लागले! सरांनी प्रयोग चालू ठेवलाय, खुडायचं कसं ते लिहून मागितलंय!"

"लिही की. मला सांग, तिथं मंगळावर शेजारी कोण हाय?"

"कुणीच न्हाय, आज्जी."

"मंग पहिलं पीक वाटायचं कुणाला?"

बाईंनी फोन आणखी तोंडाजवळ ओढला.

"एकट्यानं खायाला एवढ्या लांब कशाला जायचं गं?"