ढब्याचे तळपाय आणि काकांचा पिंजरा

मोठ्यांनी स्वतःच्या हातानं करून दिलेल्या वस्तूत खोट काढायची नाही. हा आमच्या घरातला नियम. तो का आहे असं विचारलं, तर "विचारायचं न्हाई" एवढंच उत्तर मिळतं. आत्यानं विणलेला, एक बाही लांब असलेला स्वेटर मी दोन हिवाळे घातला. तोही कॉलेजात!

पुढं या नियमाची आणि एका आजारी सशाची गाठ पडली, आणि किस्से असे साठत गेले की आता मैत्रिणी फोनवर माझी तब्येत विचारत नाहीत. "ढब्याचं नवीन काय?" असंच सुरू करतात. प्रत्येकीला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

ढब्या म्हणजे माझा ससा. पांढरा, लठ्ठ, दोन वर्षांचा. बी.एस्सी. संपली तेव्हा होस्टेलची एक मैत्रीण त्याला माझ्या मांडीवर ठेवून तिच्या गावी निघून गेली. मी त्याला घेऊन हसनाबादला घरी आले.

*

मोठे काका जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यात आहेत. ढब्याला बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याला घर कुठंय?"

आठ दिवसांनी टेंपोतून पिंजरा आला. लोखंडी अँगल, चारी बाजूंनी जाळी, वरून उघडणारं झाकण, सगळं काकांनी स्वतः वेल्डिंग केलेलं. खाली उतरवायला चार माणसं लागली.

"हत्ती ठेवला तरी मोडणार न्हाई!" काका म्हणाले.

"काका, तळाला पण जाळीच?"

"मंग! लेंड्या बराबर खाली पडतात. झाडायची कटकट न्हाई."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. पप्पा शाळेत शिक्षक आहेत, त्यांना नुसतं बघून वर्ग गप्प करता येतो. मी गप्प बसले. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यामुळं झालं.

*

चार महिन्यांनी ढब्या कोपऱ्यातून हलेना. उचलून उलटा केला, तर मागच्या दोन्ही तळपायांचे केस गेलेले, कातडी सोललेली आणि आत पू.

मी रडायला लागले. आत्या रडण्याच्या भानगडीत पडत नाही. आत्या आमच्याकडंच असते आणि तिच्याकडं प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे. मी डॉक्टरांचा पत्ता विचारायला शेजारी गेले. दहा मिनिटांत परत आले, तोवर ढब्या पायापासून कानापर्यंत हळदीनं पिवळा झालेला!

"आत्या, जखम पायाला होती ना?"

"उरली मंग लावली. वाया कशाला घालवायची?"

आई दारातून म्हणाली, "हळद तर लागली. आता पोरगी बघा त्याला."

*

पशुवैद्यकीय दवाखान्यात कंपाउंडरनं रजिस्टर उघडलं. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी.

"ससा लिहा," मी म्हणाले.

"कॉलम न्हाई."

त्यांनी पिवळ्या ढब्याकडं बराच वेळ बघितलं. "कान लांब हायेत. शेळीत टाकतो."

डॉक्टर मात्र सरळ माणूस निघाले. "मी आजवर सशाला हात लावलेला न्हाई. उगं खोटं कशाला बोलू? जालन्याला कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडं जा. जल्दी जा."

पन्नाशीच्या पुढचा माणूस "मला येत नाही" म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

फाटकापाशी कंपाउंडर मागून धावत आले. "ताई, एक राह्यलं. दूध किती देती?"

*

जालन्याच्या मॅडम माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी तळपाय बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा बसतो कशावर?"

"जाळीवर."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग नीट समजावून सांगितलं. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. ते जाळीवर घासून जातात, मग कातडी जाते. रोज दोनदा जखम धुवायची, ड्रेसिंग करायचं, औषध द्यायचं, आणि कोरड्या, मऊ अंथरुणावर ठेवायचं. पू हाडापर्यंत गेला तर पाय जातो, आणि पाय गेला की बहुतेक ससाही जातो.

"जाळीवर परत ठेवलंत, तर माझ्याकडं आणूच नका. तेव्हा माझ्या हातात काही राहणार नाही."

पप्पा सोबत आले होते. आता त्यांना भावाची बाजू घेणं भाग होतं.

"मॅडम, तो पिंजरा आमच्या मोठ्या भावानं बनवलाय. लई मजबूत आहे."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

*

ढब्या बँडेज दातांनी सोडायचा. मॅडमनी सांगितलं, वरून लहान बाळाचे मोजे चढवा आणि हलकी पट्टी लावा. मी बाजारात गेले. दुकानदार पप्पांच्या ओळखीचे.

"किती महिन्याचं बाळ हाय?"

"दोन वर्षांचं."

"मंग हे बसायचे न्हाईत."

"बसतील. पाय लहान आहेत."

"चालतं का?"

"सध्या बंद आहे. पायात पू झालाय."

दुकानदार हळहळले. मी दोन जोड्या घेतल्या, एक घालायला आणि एक धुवायला. घरी पोचून मी पायातली चप्पलही काढली नव्हती, तोवर पप्पांचा फोन वाजला. पप्पा नुसतं "न्हाई... न्हाई हो... ससा... अहो, ससा!" म्हणत होते.

फोन ठेवून पप्पा भिंतीला टेकले. आत्यानं विचारलं, "काय म्हणतात लोक?"

"दोन जोड्या घेतल्या म्हणे. म्हणजे जुळं असंल!"

*

पंधरा दिवसांनी एका सकाळी पिंजऱ्याला लिंबू-मिरची टांगलेली दिसली. ढब्या तेव्हा पिंजऱ्यात नव्हताच. तो बैठकीत आईच्या गोधडीवर पाय पसरून झोपला होता.

"आत्या, हे काय?"

"नजर लागलीय त्याला. पांढरं जनावर, वर लठ्ठ."

"भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. तुम्हीच रोज पुसता!"

"पुसते ना," आत्या म्हणाली. "म्हणून तर पिंजऱ्याला बांधलं. घराला कुठं बांधलंय?"



*

मग तो दिवस आला, ज्या दिवशी ढब्यानं खाणंच सोडलं. मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, "ससा एक दिवस उपाशी राहिला तरी त्याचं आतडं बंद पडतं. खाद्य भिजवून पातळ करा आणि सुई काढलेल्या सिरिंजनं भरवा. दर दोन तासांनी. आणि लेंडी टाकतो का बघा. टाकली तर वाचला. संध्याकाळपर्यंत नाही टाकली, तर तसाच घेऊन या."

"एक दिवस उपास घडू दे की," आत्या म्हणाली. "लाभतो."

"तुम्ही करा, आत्या. त्याला नाही लाभत."

मी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि गालात थेंब थेंब सोडत बसले. निम्मं माझ्या ओढणीवर. त्याचे कान गार पडले होते. आई शेजारी बसून ते चोळत होती. आईला प्राणी आवडत नाहीत.

दोन तासांनी मोठ्या काकांचा फोन आला. मागं कारखान्याची धडधड. "जयभीम. खाल्लं का त्यानं?"

"नाही."

पुन्हा दोन तासांनी. "खाल्लं का?"

"थोडं."

तिसऱ्यांदा त्यांनी फक्त "काय?" एवढंच विचारलं. मी फक्त "अजून नाही" म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही, नुसतेच धरून राहिले.

चारच्या सुमाराला गोधडीवर बारीक, वेडीवाकडी, पण लेंडी! मीच फोन लावला.

"काका, टाकली!"

काका धडधडीच्या वर ओरडले, "टाकली! टाकली रे!"

मागून कोणाचा तरी आवाज आला, "किती टन?"

*

दीड महिन्यात जखमा भरल्या. नवी, गुलाबी कातडी आली, तिच्यावर बारीक केस दिसायला लागले. रविवारी मोठे काका आले. पप्पा, आत्या, काका असे तिघं अंगणात बसले, आणि मला बोलावणं आलं. आमच्याकडं असं बोलावणं आलं की निर्णय आधीच झालेला असतो.

"बरा झालाय तो," पप्पा म्हणाले. "आता बैठकीत नको. पिंजऱ्यात ठेव."

"मॅडम काय म्हणाल्या, तुम्ही ऐकलंय, पप्पा."

"मॅडम कालची पोरगी," आत्या म्हणाली. "आणि हा रिकामा पिंजरा बघून लोक काकाला काय म्हणत असतील?"

काकांनी पिंजऱ्यावरून हात फिरवला. "मी एक एक जोड घासून घेतल्ता. कुठं काटा न्हाई, कुठं धार न्हाई. जाळीनं काय होतंय?" मग अचानक त्यांनी चपला काढल्या, झाकण उघडलं आणि पाय टाकून आत उभे राहिले. काकांचं वजन पंच्याऐंशी किलो. जाळी तसूभर वाकली नाही.

"बघ! वाकली का?"

"बिलकुल न्हाई," आत्या म्हणाली.

वाकते का, असं कोणी विचारलंच नव्हतं.

काका उभे राहिले. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी उजवा पाय उचलून परत ठेवला. मग डावा. मग पिंजऱ्याची कड धरली.

"किती झाली रे मिनिटं?"

"दोन," पप्पा म्हणाले.

काका बाहेर आले, कड धरूनच. "काय झालं मला? सांग, काय झालं? आण त्याला. ठेव आत."

"ठेव गं," पप्पा म्हणाले. "काका स्वतः उभे राह्यले."

"नाही ठेवणार."

"आं?" आत्या म्हणाली.

"मी त्याला त्यात ठेवणार नाही. आज नाही, कधीच नाही. तुम्ही दोन मिनिटांत उतरलात, काका. तो चार महिने उभा होता."

पप्पा समोरच्या भिंतीकडं बघायला लागले. काका ओट्यावर बसले, एक पाय मांडीवर घेतला आणि तळवा वळवून बघितला. तळव्यावर जाळीचे चौकोन उमटले होते. त्यांनी दुसरा पाय घेतला. त्यावरही.