हातकणंगल्याच्या अलीकडे

घरातून निघताना गाडी कधीच कुरकुर करायची नाही. पहिल्या किकला सुरू व्हायची, गडमुडशिंगीतून बाहेर पडून उचगाव ओलांडायची, हायवेला लागायची आणि हातकणंगल्याच्या अलीकडे आली की ओढ सोडायची. दोन आचके आणि बंद. मग कितीही किका मारा.

ही नव्वदीच्या अखेरची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि जयसिंगपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना किक मारता येईना, म्हणून त्यांनी मला शिकवली. मोपेडवाल्या मुली गावात होत्या, मोटरसायकलवाली मी एकटीच. लोक बघायचे, पण बघणाऱ्यांशी बोलावं लागत नाही. एस.टी.त मात्र शेजारची बाई कंडक्टर येईपर्यंत माझं वय, पगार आणि लग्नाचं कुठवर आलंय हे सगळं विचारून घ्यायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी पुस्तकातलं. मी ‘नाही’ म्हटलं की समोरचा विचारायचा, पुण्याच्या का? जाता-येता हेल्मेटच्या आत मिळणारा तो तासभर मला सोडायचा नव्हता.

गाडीचं दुखणं दसऱ्यानंतर सुरू झालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला, पॉइंट घासला. प्रत्येक वेळी ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ट्रायल मारून यायचे आणि किल्ली माझ्या हातात न देता सीटवर ठेवत म्हणायचे, आता मुंबईला जावा. कोपऱ्यापर्यंत गाडी बंद पडतच नव्हती, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळत नसे.

दिवाळीनंतर थोरले काका आले. त्यांना गाडी हवी होती, मळ्यातून डेअरीला दुधाचे कॅन न्यायला. ते मला ऐकू जाईल अशा बेतानं अप्पांशी बोलत होते. पोरीच्या हातात गाडी बसत नाही, क्लच दाबूनच चालवत असणार, एस.टी. काय वाईट आहे. अप्पा भावापुढे फार बोलत नाहीत. पण त्या दिवशी ते म्हणाले, “रविवारपत्तूर नीट झाली तर तिची. न्हाय तर घेऊन जा.”

काका हसले. “रविवारी कॅन घेऊनच येतो की.”

तो सोमवार होता. मी प्रयोगशाळेतली एक जुनी जर्नल घेतली आणि मागच्या पानावर रोजचं लिहायला सुरुवात केली: गाडी कुठे बंद पडली, कोण थांबलं, त्यानं काय केलं, किती वेळानं सुरू झाली. लोकांशी बोलण्यापेक्षा त्यांच्याकडे बघणं मला आधीपासून जमायचं.

आणि बघण्यासारखं खूप होतं. कोल्हापूरकडच्या रस्त्यावर बंद गाडीजवळ बाई उभी असेल तर माणूस न थांबता पुढे जाऊच शकत नाही. मंगळवारी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं थांबून चोक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. बुधवारी एका शिक्षकांनी गाडी आडवी करून हलवली. गुरुवारी बुलेटवरचा एक दांडगा माणूस आला, मला बाजूला सरकायला सांगून त्यानं किक मारली आणि गाडी सुरू झाल्यावर माझ्याकडे न बघता गाडीलाच म्हणाला, “मानूस वळखती.”

तिघांच्याही हातानं गाडी सुरू झाली होती. प्रत्येकाला वाटलं, आपल्यामुळे. मलाही आधी तसंच वाटलं. शुक्रवारी मात्र कोणीच थांबलं नाही. मी तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिले. वीसेक मिनिटांनी किक मारली तर गाडी सुरू. मी काहीही केलं नव्हतं. वहीत मी ‘काही नाही’ असं लिहिलं आणि चिडून वही मिटली.

त्याच दिवशी अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. मुलींना पिपेट कशी धरायची ते दाखवत होते. नळीत द्रव ओढून घ्यायचा आणि वरचं तोंड बोटानं दाबायचं. खालचं तोंड उघडं असूनही थेंब पडत नाही. बोट जरा सैल केलं की द्रव उतरतो. हे मी त्या वर्षात शंभरदा दाखवलं असेल. त्या वेळी बोट सैल करायचं मी विसरले. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, पुढं?”

पुढे मी वही उघडली. ट्रॅक्टरवाला, शिक्षक, बुलेटवाला. चोक, हलवणं, किक. तिघांनी वेगवेगळं केलं होतं. पण त्याआधी तिघांनीही एकच गोष्ट केली होती आणि ती इतकी साधी होती की मी लिहिलीच नव्हती. बाईची गाडी बंद आहे म्हणजे पेट्रोल संपलं असणार, असं धरून प्रत्येकानं आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं होतं.

शनिवारी गाडी नेहमीच्या जागी बंद पडली तेव्हा मला जवळजवळ आनंद झाला. एक दुचाकी हळू होत होती. मी हातानंच पुढे जायची खूण केली. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल. मग झाकणात किल्ली फिरवली. सुस्सकन हवा आत ओढल्याचा आवाज आला. एक किक, गाडी सुरू.

झाकण उलटं करून पाहिलं, मग सुलटं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत वरून हवा जावी लागते आणि त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते पांढऱ्या थरानं गच्च बुजलं होतं. शुक्रवारी त्या वीस मिनिटांत हवा कुठून तरी कशीबशी झिरपली असणार. नखानं खरवडलं. विभूती.

आई गडहिंग्लजकडची. आम्ही तिला कानडी पद्धतीनं अव्वा म्हणतो. दसऱ्याला तिनं गाडीची पूजा केली, झाकणावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि मी लांब जाते म्हणून त्या दिवसापासून रोज सकाळी ओढत राहिली. झाकणावरच का, असं दसऱ्यालाच अप्पांनी विचारलं होतं. तिचं उत्तर होतं, “जिथनं खाती ते तोंड. तोंडाच्या वर कपाळ.”

मी ओढणीची पिन काढली आणि भोक मोकळं केलं. त्या दिवशी येताना गाडी कुठेही थांबली नाही.

रविवारी सकाळी अव्वानं पट्टे ओढून पाठ फिरवताच मी झाकण पुन्हा साफ केलं आणि गाडीजवळच उभी राहिले. काका खरंच सायकलवरून दोन रिकामे कॅन घेऊन आले. मी म्हणाले, गाडी नीट झाली आहे. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. मग मी म्हणाले, “मागे बसा. जयसिंगपूरला जाऊन येऊ.”

पुतणीच्या मागे बसून गावातून जाणं काकांना जड गेलं असणार. उचगावपर्यंत त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. हायवेवर ते पाठीमागून सांगू लागले, गिअर टाक, ट्रक येतोय, सावकाश. हातकणंगले जवळ आलं. पूल आला. मी वेग कमी केला नाही. पूल गेला.

जयसिंगपूरच्या स्टँडबाहेर त्यांनी चहा सांगितला. बशीत ओतून घेत म्हणाले, “मिस्त्रीनं हात चांगला मारलाय.”

एरवी मी हे सोडून दिलं असतं. “मिस्त्रींनी नाही. मी केली.”

“तू? काय झालतं तिला?”

“टाकीत हवा जात नव्हती.”

विभूतीचं नाव मी घेतलं नाही. अव्वाचं सोवळं साऱ्या भावकीला ठाऊक होतं. हे कळलं असतं तर पुढची दहा लग्नं तो किस्सा पुरला असता. काकांनी चहा संपेपर्यंत विचार केला. येताना बसण्याआधी त्यांनी गुपचूप एकदा झाकणावर बोट फिरवलं. घरी आल्यावर अप्पांना म्हणाले, “ऱ्हाऊ दे तिच्याकडं.” कॅन सायकलला बांधून ते गेले.

अव्वाला सांगणं जास्त अवघड होतं. सोमवारी ती वाटी घेऊन पायरीवर आली तेव्हा मी तिला झाकणावरचं भोक दाखवलं, पिन घालून दाखवली. रस्त्यात ताटकळले ते दिवस मी मोजून दाखवले नाहीत. ते तिचे तिनेच मोजले असावेत, कारण बराच वेळ ती भोकाकडेच बघत होती. मग मलाच रागावली.

“आधी सांगायचं न्हाय व्हय?”

“मला तरी कुठे माहीत होतं, अव्वा.”

“मग आता कुठं लावू?”

मी हेडलाइट दाखवला. ती खाली वाकली, काचेच्या वरच्या पत्र्यावर हात फिरवून तिथे कुठे भोक नाही ना ते तपासलं आणि तीन पट्टे ओढले. मी किक मारली.