उशिराचं कारण

तालुक्याच्या ठाण्यातले ते जमादार आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग दौतीत टाक बुडवायचे. लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाचून दाखवायचे. मी ग्रामसेविका, दिवसाच्या कामांची यादी घेऊन फिरणारी. मला तो संथपणा खुपायचा.

चौक गावाजवळच्या वाडीतल्या एका बाईवर मुकादमाने जबरदस्ती केली होती. तिला घेऊन मी ठाण्यात गेले, तोवर दोन आठवडी बाजार उलटले होते.

"इतके दिवस झोपली होतीस काय गं?" शिपाई म्हणाला.

जमादारांनी त्याला बाहेर पाठवलं. "बाय, उशीर का झाला ते तूच सांग. कोर्टात पहिलं तेच विचारतील." आणि ती बोलेपर्यंत टाक धरून थांबले.

"घरवाला कोळशाच्या भट्टीवर व्हता. एकटी कशी येऊ? मुकादम रोज दारावरनं जायचा."

त्यांनी शब्द न बदलता लिहिलं.

तेव्हा खटल्यांना ज्यूरी असे. मुकादमाच्या वकिलाने उशिरावरच बोट ठेवलं. न्यायाधीशांनी ज्यूरीला जमादारांनी लिहिलेली तिची वाक्यं वाचून दाखवली आणि बजावलं, नुसत्या उशिरावरून बाईला खोटं ठरवू नका, कारण तपासा. मुकादम दोषी ठरला.

आभार मानायला गेले, तर जमादार कुणाला तरी पाणी देत होते.

"बसा ताई," ते म्हणाले, "यांचं आधी सांगून होऊ द्या."

यादी पिशवीत ठेवून मी बसले.