चौथी नाइट

सिस्टरांचा कुणावर विश्वास बसत नाही असं लोक म्हणत. ते तितकंसं खरं नव्हतं. विश्वास बसायचा, पण मोजून झाल्यावर. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात त्यांची सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली अठरा इन्चार्ज म्हणून, आणि त्यांच्या कपाटात एक सुई कमी भरली असं कधी घडलं नव्हतं. घरीही तोच खाक्या. इस्त्रीवाल्याने कपडे आणले की त्या त्याच्यासमोर मोजत आणि तो जिना उतरला की पुन्हा मोजत. एकदा तो पायरीवरूनच ओरडला, "सिस्टर, दुसरी मोजणी होईपर्यंत थांबतो मी! उगीच परत हाक मारायला नको!"

वॉर्डात चार्ज घेण्याची त्यांची एक खास रीत होती. पाळी संपवून नवी मुलगी चार्ज द्यायला आली की सिस्टर रजिस्टरात बघत मुद्दाम चुकीचा आकडा बोलत. "दुखण्याची इंजेक्शनं नऊ ना?" कपाटात आठ असायची. "नाही सिस्टर, आठच आहेत," असं जी म्हणेल तिला त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातला वाटा मिळे. जी "हो सिस्टर" म्हणेल, तिच्यामागे त्या तीन महिने सावलीसारख्या उभ्या राहत. "चोर परवडला," त्या म्हणत. "चोराला निदान खरा आकडा ठाऊक असतो. होयबाला तोही नसतो."

त्यांचे यजमान नेमके उलटे. वीज कंपनीत मीटर दुरुस्त करण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव मीटरवाले. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर हे गृहस्थ त्याला दारापर्यंत पोचवून, घंटी वाजवून, आतलं माणूस बाहेर आल्यावरच परत फिरायचे.

सतरा वर्षांपूर्वी याच मीटरवाल्यांनी बायकोसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. महिनाअखेर आली की सिस्टर जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरून बसत. बावीस मुलींच्या ड्युट्या लावायच्या. हिला नाइट दिली की हिची सासू आजारी पडते, तिला मॉर्निंग दिली की तिच्या पोराची शाळा आडवी येते. खोडरबराच्या चुऱ्यात ताटं मांडायची पाळी यायची. नवऱ्याने तीन महिने हे पाहिलं आणि म्हणाला, "तुझे नियम सांग. बघू जमतं का."

सिस्टरांनी वीसएक नियम सांगितले. शेवटचा सांगताना हातातली पेन्सिल खाली ठेवली. "सलग तीन नाइट झाल्या की ऑफ. चौथी नाइट नाही. मी मागितली तरी नाही, डॉक्टरांनी मागितली तरी नाही."

त्याला कारण होतं. त्या नवीन असताना त्यांच्या बरोबरच्या एका मुलीला चौथी नाइट लावली होती. पहाटे तिने सात नंबरचं सलाइन नऊ नंबरला लावलं. पेशंट कसाबसा वाचला. मुलीची नोकरी गेली, आणि चौथी नाइट लावणारे साहेब पुढे बढती घेऊन गेले.

प्रोग्रॅम चांगला झाला. मीटरवाल्यांनी तो इंटरनेटवर ठेवून दिला, कुणीही घ्यावा, फुकट. आधी शेजारच्या हॉस्पिटलने घेतला, मग कुठल्या कुठल्या गावांनी, मग ज्यांची नावं नकाशात शोधावी लागतील अशा देशांनी.

"एकूण किती?" सिस्टरांनी एकदा विचारलं.

"मोजता येत नाही ते. जो तो परस्पर घेतो."

हे उत्तर सिस्टरांच्या घशाखाली कधीच उतरलं नाही.

आणि पत्रं! कुणी आभार मानायचे, पण बहुतेकांचं आपलं काही ना काही अडलेलं. एकाने लिहिलं होतं, "तीन दिवस झाले, उत्तर नाही. हा बेजबाबदारपणा खपवून घेतला जाणार नाही."

"हा कोण तुमचा?" सिस्टर म्हणाल्या.

"कुणी नाही. वापरतो."

"याला काही कबूल केलं होतंत?"

"छे."

"मग हा कुठल्या खुर्चीत बसून बोलतोय? टाकून द्या एकदाचं ते लचांड."

हे त्या पाच वर्षं म्हणत होत्या. मीटरवाले हसायचे आणि त्या खपवून न घेणाऱ्या माणसाची अडचण सोडवत बसायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, पण अक्षरं वेडीवाकडीच दिसत राहिली. डाव्या डोळ्याचीही डॉक्टरांना खात्री नव्हती. दिवसाला अर्धा तास स्क्रीन, वर एक मिनिट नाही. तेव्हापासून पत्रं वाचून दाखवणं आणि सांगितलेलं टाइप करणं सिस्टरांकडे आलं. आणि म्हणूनच सोबती त्यांच्या नजरेत आला.

सोबती हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. खरं नाव, गाव, धंदा, काही माहीत नाही. आठ महिन्यांपूर्वी उगवला, एक लहानशी चूक दुरुस्त करून दिली, मग दुसरी. मीटरवाल्यांना महिना लागायचा ते काम हा दोन दिवसांत करायचा. पत्रं अशी गोड, की वाचताना सिस्टरांना पाणी प्यावंसं वाटे.

"देवमाणूस आहे," मीटरवाले म्हणायचे.

"याला कधी सर्दी होत नाही का हो?"

"म्हणजे?"

"आठ महिन्यांत एकदा तरी माणूस म्हणेल, आज पोर आजारी आहे, उद्या बघतो. वैतागेल, चुकेल, कुणाला टाकून बोलेल. हा कधीच नाही."

"तुला चांगुलपणाचीसुद्धा साक्ष काढायची असते."

मग मार्चमध्ये एक नवीनच माणूस पत्रं लिहू लागला. आता वय झालं असेल तर बाजूला व्हा, असं त्याचं म्हणणं. प्रोग्रॅम सोबत्याकडे द्या. आठवड्याने आणखी एक आला, त्याचंही तेच. दोघांनीही यापूर्वी कधी एक ओळ लिहिली नव्हती. आणि त्यानंतर सोबत्याचं पत्र: लोक तुम्हाला असं बोलतात याचं फार वाईट वाटतं, तुमचा भार हलका होणार असेल तर किल्ली सांभाळायला मी तयार आहे.

किल्ली म्हणजे एक परवलीचा शब्द. तो ज्याच्याकडे असेल त्याने प्रोग्रॅममध्ये बदल करून पाठवला, की दुसऱ्या सकाळी तो बदल सगळ्या हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाऊन बसायचा. तिथे सगळ्या नर्सेसची नावं, फोन, घरी कधी आणि कामावर कधी, सगळं असायचं. आजवर तो शब्द फक्त मीटरवाल्यांना माहीत होता.

रविवारी सकाळी खुर्चीत डोळे मिटून बसलेले मीटरवाले म्हणाले, "मी ठरवलंय. देऊन टाकतो."

सिस्टर भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. "कुणाला?"

"सोबत्याला. तूच म्हणत होतीस ना, टाकून द्या?"

"टाका म्हटलं होतं. देऊन टाका नव्हतं म्हटलं. आणि ते दोघे पाठीराखे याच महिन्यात कुठून उगवले? आपल्याकडे ती कामाला बाई आली होती आठवतं? बरोबर दोघी आल्या होत्या, ही फार चांगली आहे सांगायला. त्या दोघींना बिल्डिंगमध्ये कुणी ओळखत नव्हतं."

"ती चोर निघाली का?"

"नाही. मी ठेवलीच नाही."

"मग! तुझा संशय कधी खोटा ठरत नाही, कारण तू त्याला संधीच देत नाहीस."

हे सिस्टरांना लागलं, कारण ते निम्मं खरं होतं. त्यांनी परगावच्या लेकीला फोन लावला. ती कॉम्प्युटरच्याच क्षेत्रातली. "अगं आई, या कामात कुणीच कुणाला ओळखत नाही. सगळं असंच चालतं. बाबांना मोकळं होऊ दे गं."

"आणि तो वाईट निघाला तर?"

"तर वाईट," लेक म्हणाली. "पण बाबा किती दिवस पुरणार?"

फोन ठेवल्यावर सिस्टर बराच वेळ देठं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या चार्ज. पण माझ्या पद्धतीने घेऊ दे त्याला. त्याच्याशी फोनवर बोला."

त्यांनी तसं लिहिलं. उत्तर आलं: क्षमा असावी, मी बोलू शकत नाही, लिहूनच बरं पडतं.

"मुका असेल बिचारा," मीटरवाले म्हणाले.

"असेलही," सिस्टर म्हणाल्या. "मग लिहूनच. त्याला लिहा, पुढच्या बदलात तुम्ही चौथी नाइट चालू करताय. तीन झाल्यावर ऑफची सक्ती काढताय. तपासून मत द्या म्हणावं."

मीटरवाल्यांनी डोळे उघडले. "खोटं लिहू?"

"आकडा चुकवायचा फक्त. मी रोज चुकवते."

"माणूस आठ महिने राबलाय आपल्यासाठी. त्याची अशी परीक्षा?"

"माझ्या पोरी सहा-सहा वर्षं राबतात. त्यांचीही घेते."

मीटरवाले नाखुशीनेच सांगत गेले आणि सिस्टर दोन बोटांनी टाइप करत गेल्या. सोबत्यानेच पाच महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, की या तीन नाइटच्या नियमासाठीच आपल्याला हा प्रोग्रॅम आवडतो. ते पत्र सिस्टरांनी मुद्दाम शोधून ठेवलं होतं. हा जर खरा असेल तर भांडेल. निदान विचारेल तरी, का म्हणून.

वीस मिनिटांत उत्तर आलं. सिस्टरांनी सावकाश वाचलं.

"'उत्तम निर्णय. काळाबरोबर बदलायलाच हवं. मी बारकाईने तपासलं, सगळं योग्य आहे. किल्ली कधी पाठवताय?'"



"मान ठेवला असेल माझा," मीटरवाले म्हणाले. "मोठ्या माणसाला कसं नाही म्हणायचं..."

"अहो, चौथ्या रात्रीला हो म्हणाला तो. बारकाईने तपासून."

"घाईत असेल."

"कसली घाई? कुठे जायचंय त्याला?"

मीटरवाले उठून खिडकीशी गेले. खाली मुलं सायकल शिकत होती. मीटरवाल्यांना फक्त हलणारे रंग दिसत असणार. ते बोलले तेव्हा आवाज चढलेला होता. तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा चढलेला आवाज.

"मी या लोकांचं काय लागतो, सांग ना! मी कुणाला बोलावलं नव्हतं. सतरा वर्षं फुकट दिलं. आता डोळे गेले. आता मी थांबायचंसुद्धा नाही? मरेपर्यंत पहारा देऊ?"

"थांबा की. कोण नाही म्हणतंय?"

"तूच! त्याला देऊ नका म्हणतेस. दुसरा आहे कोण?"

"मी ड्युटी संपल्यावर एक मिनिट जास्त थांबत नाही," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्ड पेटला असेल तर गोष्ट वेगळी. पण बदली आली नाही म्हणून कपाटाची किल्ली जिन्यात भेटलेल्या माणसाच्या हातात देत नाही. कपाट बंद करते, पाटीवर लिहिते, आणि घरी येते. त्या लोकांना काम देणं लागत नाही तुम्ही. खरं काय ते सांगणं लागता, बस्स."

"बंद केलं तर पुढच्या चुका कोण दुरुस्त करणार?"

"ते मला माहीत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मीटरवाल्यांनी फार कमी वेळा ऐकलं होतं. ते परत येऊन खुर्चीत बसले.

दुपारी त्यांनी प्रोग्रॅमशेजारी इंटरनेटवर लावायला, सगळ्यांसाठी पत्र सांगायला घेतलं. सुरुवातच "क्षमस्व" अशी. सिस्टरांनी टाइप करायला नकार दिला. "माफी कशाची?"

"रीत असते."

"माफी मागितली की लोकांना वाटतं, काही बाकी राहिलं."

मग डोळ्यांवरून झालं. सिस्टरांना ते लिहायचं होतं, मीटरवाल्यांना नको होतं. लोकांची कीव नको. शेवटी "तब्येतीमुळे" वर तडजोड झाली. पत्र तयार झालं ते असं: तब्येतीमुळे मी हे काम आजपासून थांबवतो आहे. आत्ता तुमच्याकडे आहे तीच शेवटची आवृत्ती. यापुढे माझ्या नावाने कुठलाही बदल येणार नाही. आला तर तो माझा नाही, बसवू नका. ज्याला काम पुढे चालवायचं असेल त्याने प्रत घेऊन स्वतःच्या नावाने चालवावं, आणि त्याच्याकडून घ्यायचं की नाही ते तुम्ही त्याची पारख करून ठरवावं. किल्ली कुणालाही दिलेली नाही.

"शेवटचं वाक्य कशाला?" मीटरवाले म्हणाले.

"असू दे."

पत्र गेलं. तासाभरात पंचवीस उत्तरं आली. सिस्टर वाचत गेल्या. कुणी आभार मानले होते. एकाने आता आमचं काय म्हणून लिहिलं होतं, आणि एकाने हा विश्वासघात आहे म्हणून. विश्वासघातवाल्याचं वाचताना सिस्टरांनी आवाज लावून साहेबी थाटात वाचलं, तेव्हा मीटरवाले थोडं हसले. एका लहान हॉस्पिटलच्या नर्सने लिहिलं होतं, की आमच्याकडे आम्ही सहाच जणी आहोत, हे बिघडलं तर आम्हाला पुन्हा वहीत लिहावं लागेल, पण काका, तुम्ही विश्रांती घ्या.

मग सोबत्याचं आलं.

सिस्टरांनी ते आधी मनात वाचलं. मग मोठ्याने, आवाज न बदलता, वाचून दाखवलं. "'आपल्या निर्णयाचा आदर आहे. आपण बरे व्हा. फक्त काळजीपोटी विचारतो: किल्ली आपण कुठे लिहून ठेवली आहे का? तब्येतीचं असं असताना घरात दुसऱ्या कुणाला माहीत आहे का?'"

सिस्टर वाट पाहत राहिल्या. नेहमीसारखं ते म्हणतील, अगं, खरंच काळजी असेल त्याला. आणि असेलही, त्यांच्या मनात आलं. शपथेवर सांगता आलं नसतं.

"पुन्हा वाच," मीटरवाले म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं.

मीटरवाल्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कॉम्प्युटर इकडे दे," ते म्हणाले. "परवलीचा शब्द बदलतो. तू तिकडे तोंड कर."

"मी?"

"तुलाही नको माहीत असायला. कुणी विचारलं तर खरं सांगता येईल."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून बसल्या. मागे एकेक अक्षर शोधत, चुकत, खोडत, टकटक चालू झाली. त्यांचा स्क्रीनचा अर्धा तास कधीच उलटून गेला होता. सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.